कुशल कोणाला म्हणायचं?

(नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या बचत गटांच्या शिबिरात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे 'डिजिटल बॅज आणि बायकांचा रोजगार'. फळ्यावर तो लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, "हे बॅज म्हंजे शाळेत मॉनिटरले लावतेत थेच काय?" हो काकू, तेच. आपण त्याला बिल्ला म्हणू.

रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर पितळेचा बिल्ला असतो. त्या माणसाला आपण ओळखत नाही, तरी आपली पेटी त्याच्या डोक्यावर देतो. कारण याचा नंबर कुठेतरी नोंदलेला आहे, काही झालं तर विचारायला जागा आहे, हे तो बिल्ला सांगतो. बिल्ला लागतो तो अनोळखी माणसाचा विश्वास बसावा म्हणून. गावात कोणाच्या हातचं ब्लाऊज नीट बसतं, कोणाचे पापड फुटत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. तीच बाई एस.टी.त बसून अमरावतीला काम मागायला गेली, की तिथे तिच्याबद्दल सांगणारं कोणी नसतं. तिच्या हातातलं काम बोलत नाही, कागद बोलतो.

डिजिटल बॅज म्हणजे हा बिल्ला फोनमध्ये. दिसायला एक चित्र, पण त्याच्या पोटात माहिती भरलेली असते. कोणाला दिला, कोणी दिला, कशासाठी दिला, कोणती परीक्षा घेतली, पुरावा काय आणि तारीख कोणती. समोरच्यानं त्यावरून खरं-खोटं तपासायचं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेनं २०११ साली ही कल्पना 'ओपन बॅज' नावानं पुढे आणली. नियमांची चौकट सगळ्यांना खुली ठेवली, म्हणजे विद्यापीठच नव्हे तर लहानशी संस्थासुद्धा असा बिल्ला देऊ शकते. आपल्याकडे हे नाव फारसं रुळलं नाही, पण तीच पद्धत दुसऱ्या वाटांनी आली. २०१५ पासून डिजिलॉकर आलं. सरकारी कौशल्य प्रमाणपत्रांवर क्यूआर कोड आला. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं 'स्किल इंडिया डिजिटल' हे व्यासपीठ सुरू केलं. प्रमाणपत्र पावसात भिजलं, उंदरानं खाल्लं, नवऱ्यानं रागात फाडलं, तरी ते राहतं. शेवटचं उदाहरण मी गमतीनं देत नाही, हे इथल्या बऱ्याच जणींना माहीत आहे.

तर मी या गोष्टीच्या बाजूची आहे. पण नवीन वस्तू आली, की ती बायकांच्या कामाची कशी करून घ्यायची हे आपल्यालाच पाहावं लागतं. त्यासाठी तीन प्रश्न विचारू. कौशल्य कशाला म्हणायचं हे कोणी ठरवलं? बिल्ला कोणाच्या हातात राहिला? आणि त्यानं मजुरी किती वाढली?

पहिला प्रश्न घेऊ. 'कुशल' हा शब्द आला कुठून? जुने संस्कृत पंडित सांगतात, कुश म्हणजे दर्भ, आणि तो नीट काढून आणतो तो कुशल. दर्भाचं पातं धारदार असतं, हात न कापता ते काढायचं म्हणजे सराव लागतो. म्हणजे हा शब्दच मुळात गवत काढण्याच्या कामावरून आला! आणि आज दिवसभर गवत काढणाऱ्या, निंदण-खुरपण करणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? अकुशल मजूर. १९७७ च्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यानं गरिबाला कामाचा हक्क दिला, त्याचं मोल मोठं आहे. पण त्या कामाचं नाव 'अकुशल शारीरिक काम' हेच होतं.

जरा आपल्या वावरात पाहा. तिफणीमागे सरतं धरून चालणारी बाई मुठीतून बी सोडते, एका चालीनं, एका अंतरानं. जास्त पडलं तर बी वाया, कमी पडलं तर तास मोकळा. पुढल्या हंगामासाठी तुरीचं, मुगाचं, वालाचं बी निवडून, राखेत घोळून कोण ठेवतं? कापसाच्या बोंडातून पालापाचोळा न लागता कापूस वेचणारी बाई मालाची प्रत राखते, भाव त्या प्रतीवर ठरतो. आणि वेचणीची मजुरी मात्र किलोवर. ट्रॅक्टर चालवणारा कुशल, औताचा गडी कामाचा माणूस, आणि बी राखणारी 'घरची बाई'. शिकलेलं काम आणि अंगवळणी पडलेलं काम असा भेद केला गेला, आणि बायकांचं बहुतेक काम दुसऱ्या रकान्यात गेलं.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. किमान वेतन ठरवताना कामाची अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल अशी वर्गवारी पाहिली जाते. २०१९ च्या वेतन संहितेत हे स्पष्ट लिहिलंय, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. १९७६ चा समान वेतनाचा कायदाही आता तिच्यातच सामावला आहे. समान कामाला समान दाम हे खरं, पण बाईच्या कामाला 'अकुशल' म्हणून वेगळंच काम ठरवलं, की समानतेचा प्रश्नच उभा राहत नाही. म्हणून कुशलतेच्या यादीत आपलं काम येणं हा मजुरीचाच लढा आहे.

याद्या कशा बनतात याचं एक उदाहरण. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. कारागिराला प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे, शिवणकाम करणाऱ्या बायांनी जरूर अर्ज करावा. पण तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, गवंडी, न्हावी वगैरे. शिंपी, हार करणारे, टोपल्या-झाडू विणणारे हेही आहेत, म्हणजे बायांना काही जागा आहे. पण पापड-लोणची करणारी तिच्यात नाही, बी राखणारी नाही, सुईण नाही. आणि दुसरी अट पाहा. एका कुटुंबातून एकालाच लाभ, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. नवरा गवंडी आणि बायको शिलाईवाली असेल तर अर्ज कोणाचा जाईल? तुम्ही हसलात, म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. एका घरात दोन कारागीर असू शकतात, ही गोष्ट त्या अटीत बसत नाही. ही अट बदलावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू. शाळा न शिकताही काम येत असेल तर त्याची परीक्षा घ्या आणि प्रमाणपत्र द्या, हा विचार आपल्याकडे नवीन नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं, १९८९ मध्ये स्थापन झाल्यावर, शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला आणि दहावी-बारावी न झालेल्या कितीतरी बायांना पदवीचं दार उघडून दिलं. हातातल्या कामासाठी अशीच सोय २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आली, 'पूर्वज्ञानाची मान्यता' या नावानं. नव्यानं शिकवायचं कमी, येतं त्याची पारख करायची. कल्पना फार चांगली. आमच्या एका गटातल्या मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, माह्या हाताले काम येते, पण कागदाले नाई येत." त्यांच्यासाठीच ही सोय आहे.

पण कागद विश्वासाचा हवा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत या योजनेवरचा कॅगचा अहवाल आला. लाभार्थ्यांच्या नोंदींत बँक खात्याच्या रकान्यात बहुतेकांपुढे शून्य लिहिलेलं किंवा जागाच कोरी, असं त्यात आढळलं. नोंदी अशा असतील तर खरोखर परीक्षा देऊन पास झालेल्या बाईच्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयानं पाहतात. खोट्या बिल्ल्याचं नुकसान खऱ्या बिल्लेवालीला होतं. म्हणून परीक्षा कोणी घेतली, काम प्रत्यक्ष करून पाहिलं का, हे विचारायचा आपला हक्क आहे. "बस फोटो काढायले या, सर्टिफिकेट भेटते" असं कोणी म्हणालं तर त्या वाटेला जायचं नाही.

दुसरा प्रश्न, बिल्ला कोणाच्या हातात? डिजिटल म्हटलं की तो फोनमध्ये आला, आणि फोन कोणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के होत्या, आणि ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के. म्हणजे खेड्यातल्या निम्म्याहून अधिक बायांजवळ तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. आता फोन वाढले असतील, पण आधारला जोडलेला नंबर कोणाचा ते पाहा. डिजिलॉकर उघडायला ओटीपी येतो, तो त्या नंबरवर. नंबर नवऱ्याचा आणि नवरा कामाला पुण्याला, तर बाईचं प्रमाणपत्र पुण्याला गेलं! भांडण झालं, बाई माहेरी आली, तर तिचा बिल्ला सासरीच राहिला. पितळेचा असता तर तिनं पिशवीत टाकून आणला असता.

त्याहून किचकट गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, प्रशिक्षणाच्या यादीत कोणीतरी घाईत लिहिलेलं तिसरंच. माणूस हे समजून घेतो, संगणक घेत नाही. त्याच्या लेखी या तीन वेगळ्या बाया. आमच्याकडे आलेल्या एका मुलीनं लग्नाआधी संगणकाचा कोर्स केला, लग्नानंतर आधारवरचं नाव बदललं, आणि नोकरीच्या अर्जाच्या वेळी कागद जुळेनात. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, चकरा, यात तिची अर्जाची मुदत गेली. तिच्या वर्गातल्या एकाही मुलाला हा त्रास झाला नाही, कारण लग्नानं मुलाचं नाव बदलत नाही. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे आपण मुलींना आणि त्यांच्या आईबापांना स्वच्छ सांगायला हवं. एवढी वर्षं ही गोष्ट आपण अस्मितेची म्हणून बोलत आलो. आता ती पोटापाण्याचीही झाली आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. बिल्ला मिळाला, पुढे काय? त्यानं दार उघडतं का?

एम.एस.-सी.आय.टी. हा कोर्स गावोगाव का गेला, आठवा. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं, त्यानंतर हा कोर्स आला. तो चालला, कारण सरकारी भरतीच्या जाहिरातीत त्याचं नाव आलं. दारावरच्या माणसानं तो कागद मागितला, म्हणून कागदाला किंमत आली. दारावर कोणी विचारत नसेल, तर फोनमध्ये दहा बिल्ले असले तरी ती नुसती चित्रं.

म्हणून आधी दार शोधायचं, मग बिल्ला. बँक सखी म्हणून बँकेचे व्यवहार करून द्यायचे असतील तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची परीक्षा द्यावी लागते. तिथे दार आणि बिल्ला दोन्ही पक्के आहेत. कृषी सखीचं पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास खात्यांत करार झाला. पहिल्या टप्प्यातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र होता. १८ जून २०२४ ला वाराणसीत ३०,००० हून अधिक कृषी सखींना प्रमाणपत्रं दिली गेली. ५६ दिवसांचं प्रशिक्षण, त्यात माती परीक्षण, बियाणं, सेंद्रिय खतं. वर्षाला सरासरी ६०,००० ते ८०,००० रुपये कमाई होऊ शकते असं सरकारी माहितीत म्हटलंय. गावातली बाई दुसऱ्या शेतकऱ्याला शेतीतलं सांगते आणि त्याचे पैसे घेते, ही माझ्या मते मोठी गोष्ट आहे. पण ते पैसे एकाच ठिकाणाहून येत नाहीत. वेगवेगळ्या योजनांच्या कामांतून थोडे थोडे जमतात. म्हणून आपल्या तालुक्यातल्या कृषी सखींनी वर्षाअखेर हिशोब मांडावा, प्रत्यक्ष हातात किती आले. तो आकडा घेऊन आपण तालुका कृषी कार्यालयात जाऊ.

शिवणकामाचंही असंच आहे. २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, १,००० एकरांवर. ते आपलं नांदगाव नव्हे, अमरावतीजवळचं नांदगाव पेठ. तरी तिथे कारखाने आले, की आपल्या पोरी जातीलच. तर आधी समजून घ्या. घरी पूर्ण ब्लाऊज शिवणारी बाई आणि कारखान्यात यंत्रावर दिवसभर एकच शिवण घालणारी कामगार, ही कौशल्याच्या यादीत दोन वेगळी कामं आहेत. स्वयंरोजगार शिंपी आणि शिलाई यंत्र चालक, दोन्हींची प्रमाणपत्रं वेगळी. चुकीचा बिल्ला घेऊन गेली तर वीस वर्षं शिवण केलेल्या बाईला शिकाऊ म्हणून उभं करतील. आणि योग्य बिल्ला असेल तर तिनं पहिल्या दिवशीच विचारायचं, माझी नोंद कोणत्या वर्गात केली? अर्धकुशल की कुशल?

मी माझंही सांगते. मी एम.एस.डब्ल्यू. केलं. दोन वर्षांच्या त्या कागदावर मला समुपदेशक म्हणतात आणि मानधन मिळतं. आमच्या भागात एक आजी आहेत, सही करण्यापुरतं लिहिता येतं. मारझोडीच्या घरात कधी जायचं, कोणाशी आधी बोलायचं, सासूला कसं आपल्या बाजूला वळवायचं, हे मी त्यांच्या मागे फिरून शिकले. वर्गात जे शिकले त्याचा उपयोग आहे, मी ते कमी लेखत नाही. पण आम्ही दोघी एकाच घरी जातो, तेव्हा नोंदवहीत 'समुपदेशन' लिहिलं जातं ते माझ्या नावापुढे. आजींच्या नावापुढे 'उपस्थित' एवढंच. ज्ञान दोघींचं आहे, पण बिल्ला एकीलाच मिळाला.

मग आजींना बिल्ला कोण देणार? सरकारच्या यादीत त्यांचं काम येईपर्यंत थांबायचं का? इथेच मला ओपन बॅजमधली एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. बिल्ला देण्याचा हक्क एकट्या सरकारचा नाही. आपले गट, आपला गटांचा संघ तो देऊ शकतो. अट एकच, तो खरा हवा.

उदाहरण घेऊ. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून पेरायचं असेल तर आधी उगवणक्षमता तपासतात. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळून ओलसर ठेवायचे आणि आठवड्यानं निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त आले तर बियाणं पेरणीयोग्य. हे काम येणाऱ्या बाईला गटानं बिल्ला द्यायचा ठरवला, तर पाच गोष्टी लिहायच्या. तिचं नाव, ती काय करू शकते, आपण ते कसं तपासलं, कोणी तपासलं, कधी. तीन वेळा तिची चाचणी दुसऱ्या जाणकारानं पडताळून पाहिली, असं लिहिलं तर त्याला वजन येतं. नुसतं 'शेतीची आवड आहे' असं लिहिलं तर काही अर्थ नाही. मग मे महिन्यात गावच्या शेतकऱ्यांना सांगायचं, बियाणं आमच्या बाईकडून तपासून घ्या, तिची फी अमुक. पहिलं दार आपल्याच गावात उघडायचं.

दोन धोके मात्र डोळ्यांपुढे ठेवू. एक, बिल्ला नसलेल्या बाईची मजुरी त्याच कारणानं कापली जाऊ नये. मालक म्हणेल, "तुह्याजवळ सर्टिफिकेट कुठी हाय?" तिथे बिल्लेवालीनं तिच्या बाजूनं उभं राहायचं. नाहीतर हमालाच्या एका बिल्ल्यानं दुसऱ्याला स्टेशनबाहेर काढावं तसं होईल. दोन, माहिती आपली आहे. बिल्ल्यासाठी आधार क्रमांक, जात, घरचं उत्पन्न लागत नाही. बाईला विचारल्याशिवाय तिचा फोटो कुठे टाकायचा नाही. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, गटाच्या अध्यक्षालाही नाही, मलाही नाही.

आता चहाच्या आधी कामं ठरवू. प्रत्येक गटानं पुढल्या बैठकीपर्यंत चार गोष्टी करायच्या. पहिली, प्रत्येक सभासदाचे कागद एकत्र ठेवून नाव जुळतं का पाहायचं आणि न जुळणाऱ्यांची यादी आणायची. आधार केंद्रावर सगळ्या मिळून एका दिवशी जाऊ. दुसरी, आधारला जोडलेला नंबर तिचा स्वतःचा आहे का, ते विचारायचं. तिसरी, 'मला काय येतं' अशी वहीत नोंद करायची. कोणी 'काही येत नाही, घरीच असते' म्हणाली, तर शेजारणीनं तिच्याबद्दल सांगायचं. चौथी, ज्यांनी आजवर कोणतंही प्रमाणपत्र घेतलं, त्यांनी ते मिळण्याआधीची आणि नंतरची मजुरी लिहायची. वाढली नसेल तर तसंच लिहायचं.

या चौथ्या रकान्यातले आकडे मला हवेत. ते जमले, की विश्वकर्मा योजनेतली 'एका कुटुंबातून एक' ही अट बदलावी आणि बियाणं राखण्याचं काम कुशल म्हणून नोंदवावं, या दोन मागण्यांचं निवेदन आपण तहसीलदारांकडे देऊ. निवेदनावर सही करताना नावापुढे 'गृहिणी' लिहू नका. जे काम येतं ते लिहा.